पॉपिन्स आणि त्याची जाड वजनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्राहक फॉन्टचं नाव घेऊन येत नाहीत. "तो जाड, गोल-गोल असतो ना, मोबाइलवर दिसतो तसला, तोच लावा," एवढंच सांगतात. दहापैकी सात-आठ वेळा त्यांच्या डोळ्यांपुढे पॉपिन्स असतो, तोही बोल्ड किंवा त्याहून जाड. डीटीपीच्या खुर्चीत बसून आणि अधूनमधून नवशिक्यांना शिकवून जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, ते इथे एका जागी घेतले आहेत.

पॉपिन्स नेमका कुणाचा? नावावरून तर परदेशी वाटतो.

नाव तसं असलं तरी घर अहमदाबादचं. इंडियन टाइप फाउंड्री या संस्थेने तो काढला आणि २०१४ पासून तो खुल्या परवान्यावर उपलब्ध आहे. त्यातली देवनागरी निनाद काळे यांनी रेखाटली, रोमन अक्षरं जॉनी पिनहॉर्न यांनी. अगदी बारीक १०० पासून सर्वांत जाड ९०० पर्यंत नऊ वजनं, म्हणजे जाडीच्या पायऱ्या, आहेत, आणि प्रत्येकाचं तिरकं रूप धरून अठरा फाइली होतात. एकेका फाइलीत हजाराच्या वर अक्षररूपं आहेत. त्यांतला मोठा वाटा जोडाक्षरांचा, कारण मराठी, हिंदी, नेपाळी अशा सगळ्यांची सोय करायची होती.

मला यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. या भूमितीय घराण्याचे, म्हणजे वर्तुळ आणि सरळ रेघेवर बेतलेले, रोमन फॉन्ट ढिगाने होते. पण इतक्या वजनांचा पट घेऊन आलेली, उघड-उघड वर्तुळावर बेतलेली देवनागरी तोवर सहज हाती लागत नव्हती. त्यामुळे इंग्रजी मथळा आधुनिक आणि शेजारचा मराठी मथळा सरकारी परिपत्रकासारखा, हे दृश्य पुष्कळ वर्षं चाललं.

"भूमितीय" म्हणजे अक्षरं कंपासने काढलेली असतात का?

कंपासने काढल्यासारखी दिसतात. खरोखर कंपासने काढली तर बिघडतात.

या वळणाचं मूळ जर्मनीत आहे. पाउल रेनर यांचा फ्युतुरा १९२७ मध्ये फ्रँकफर्टच्या बाउअर फाउंड्रीने बाजारात आणला. वर्तुळ, त्रिकोण, सरळ रेघ यांपलीकडे अक्षराला काही लागू नये, असा त्यामागचा विचार. रेनर बाउहाउस या प्रसिद्ध जर्मन कलाशाळेत शिकवत नव्हते, तरी लोक त्यांना तिथलेच समजतात. १९३३ मध्ये नाझींनी त्यांना अटकही केली होती. त्यांचा फ्युतुरा मात्र कुठल्या कुठे गेला. १९६९ मध्ये अपोलो ११ ने चंद्रावर ठेवलेल्या पाटीवरची अक्षरं फ्युतुराचीच आहेत.

आता कंपासचं. एक जाड "ओ" काढायचा म्हणून आतलं आणि बाहेरचं अशी दोन नेमकी वर्तुळं काढा. कड सगळीकडे सारख्याच जाडीची भरेल, पण डोळ्याला ती वर-खाली जास्त जाड आणि डावी-उजवीकडे बारीक वाटेल. आडवी रेघ आपल्याला उभ्या रेघेपेक्षा जाड भासते, हा डोळ्याचा स्वभाव आहे. म्हणून चांगला आखणारा आडवी बाजू किंचित बारीक करतो. गोल अक्षर चौकोनी अक्षराइतक्याच उंचीचं काढलं तर ते बुटकं दिसतं, म्हणून त्याला वर-खाली थोडं जास्त जाऊ देतात. जिथे गोलाई उभ्या रेघेला मिळते तिथे काळा डाग साठतो, म्हणून तो सांधा आतून खरवडल्यासारखा बारीक करतात. फ्युतुरात हे सगळं आहे आणि पॉपिन्समध्येही. रेघ जवळजवळ एकाच जाडीची ठेवून, सांध्यांवर डोळ्याच्या हिशेबाने दुरुस्ती केलेली.

जाड वजनात या दुरुस्त्या दुप्पट-तिप्पट होतात. बारीक वजनात चूक झाकली जाते. ब्लॅक वजनात चार फुटांवरून दिसते.

देवनागरीत सेरिफच नसतात, मग "सॅन्स-सेरिफ देवनागरी" हा काय प्रकार?

प्रश्न रास्त आहे. नावं रोमन लिपीतून उसनी आली आहेत. तिथे अक्षराच्या टोकांना असलेल्या छोट्या रेघा म्हणजे सेरिफ, आणि त्या नसलेलं ते सॅन्स-सेरिफ. आपल्याकडचा खरा भेद बोरूचा. तिरका छाटलेला बोरू धरून लिहिलं की एका दिशेची रेघ जाड आणि दुसरीची बारीक येते, टोकं तिरपी तुटतात. जुन्या छापखान्यांत वर्षानुवर्षं जुळवलेल्या खिळ्यांमध्ये हेच वळण होतं. पॉपिन्समध्ये बोरू नाही. रेघ सगळीकडे जवळपास सारखी, टोकं सरळ. तेवढ्यापुरतं त्याला सॅन्स म्हणायचं.

आपली अक्षरं वर्तुळात बसतात का?

काही आनंदाने बसतात, काही धरून बसवावी लागतात.

"ठ" बघा. शिरोरेषेखाली छोटा देठ आणि त्याला लटकलेलं वर्तुळ, यापलीकडे त्यात काही नाहीच. "व" आणि "ब" मध्ये कान्याला टेकलेला गोल. "ट", "ढ", "द" हेही एका वर्तुळाचे कमी-जास्त तुकडे. आपला पाकळीचा "ल" तर दोन गोलांचाच बनलेला, भूमितीला आंदण दिल्यासारखा. "ळ" आडवा पडलेला, दोन डोळ्यांचा.

मग येतो "झ". त्याचं काय करणार? "अ" ला वर एक पोट, खाली एक पोट, मध्ये आडवी दांडी आणि उजवीकडे काना. "इ" हे एक लांबलचक वळणच आहे. "ह" ची खालची शेपटी, "क्ष" ची गाठ, "ज्ञ" चा कोपरा, हे सगळं हाताच्या लयीतून आलेलं. त्याला वर्तुळाच्या चौकटीत कोंबलं की अक्षर वाचता येतं पण ओळखीचं वाटत नाही. निनाद काळे यांच्या देवनागरीत मला आवडतं ते हे, की अशा अक्षरांवर गोलाई लादलेली नाही. "ठ" ला पूर्ण वर्तुळ मिळालं म्हणून "झ" ला छळलेलं नाही. ओळ एकजीव दिसते ती रेघेच्या सारख्या जाडीमुळे आणि गोलाईच्या सारख्या ताणामुळे.

जाडी वाढवली की नेमकं काय होतं?

अक्षर म्हणजे काळी रेघ, असं आपण समजतो. छपाईतल्या माणसाला आधी आतली पांढरी जागा दिसते. "ब" च्या पोटातली ती छोटी पोकळी, "म" च्या डाव्या गाठीतलं भोक, "ष" मधली तिरकी रेघ आणि तिच्या दोन बाजूंच्या फटी. वाचताना डोळा या पोकळ्या टिपतो. रेघ जाड करायची म्हणजे या जागेत अतिक्रमण करायचं.

रोमन लिपीला यातून सुटका आहे. तिथे अक्षर रुंद करता येतं, एका अक्षरात फार तर दोन पोकळ्या असतात, वर-खाली गर्दी नसते. देवनागरीला वरून शिरोरेषेचं छप्पर. त्याच्याही वर मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार. आणि जोडाक्षर उभं रचलेलं असलं तर एका अक्षराच्या उंचीत दोन अक्षरं. हे सगळं जाड करायला जागा आणणार कुठून?

"श्रद्धांजली" हा शब्द घ्या. एकदा घाईच्या कामात मी तो ब्लॅक वजनात, छोट्या निवेदनाच्या चौकटीत टाकला. पडद्यावर मोठा करून बघितला तेव्हा ठीक होता. छापून आला तेव्हा "द्ध" च्या जागी एक काळी सुपारी होती. वर्तमानपत्री कागद शाई पितो, रेघ पसरते आणि सर्वांत आधी बुजतात त्या या बारीक फटी. घरच्यांनी काही म्हटलं नाही. असल्या कामात माणसं बोलत नाहीत, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. तेव्हापासून माझा घरगुती नियम असा: इंग्रजीला जे वजन लावाल, मराठीला त्याहून एक पायरी खालचं आधी लावून बघा. इंग्रजी ८०० ला असेल तर मराठी ७००. बहुतेक वेळा दोन्ही सारखेच काळे दिसतात.

मग सेमीबोल्ड, बोल्ड, एक्स्ट्राबोल्ड, ब्लॅक यांत कधी काय घ्यायचं?

सेमीबोल्ड म्हणजे ६००. उपमथळे, बटणावरचा शब्द, कोष्टकाचं डोकं, लग्नपत्रिकेतलं वर-वधूचं नाव. मराठीसाठी हे फार कामाचं वजन आहे आणि लोक नेमकं तेच वगळतात.

बोल्ड, ७००: मथळे, पोस्टर, दुकानाची पाटी. इथवर जोडाक्षरांची काळजी फारशी करावी लागत नाही.

एक्स्ट्राबोल्ड आणि ब्लॅक हे दोन-तीन शब्दांपुरते. "सेल", "आजपासून", "प्रवेश सुरू". जोडाक्षर नसलेला शब्द ब्लॅकमध्ये दिमाखात उभा राहतो. "राष्ट्रीयीकृत" ब्लॅकमध्ये लिहायची वेळ आली तर वजन कमी करा, शब्द तर बदलता येणार नाही.

एक गोष्ट विसरू नका, जाड वजन रुंदही असतं. लाइटमध्ये एका ओळीत मावलेला मथळा ब्लॅकमध्ये दुसऱ्या ओळीवर जातो. म्हणून वजन ठरवून मगच मांडणी करा.

आणि रात्रीच्या पाटीचं गणित उलटं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर किंवा आतून पेटणारा एलईडी बोर्ड असेल तर उजेड कडेबाहेर सांडतो आणि अक्षर आहे त्याहून जाड भासतं. तिथे एक पायरी आणखी खाली या.

पूर्ण मजकूर पॉपिन्समध्ये लावला तर?

दोन-चार ओळींची ओळख, जाहिरातीतला मजकूर, ॲपमधली सूचना असेल तर रेग्युलर चालतो. कथा, लेख, दिवाळी अंकाची पानं यांसाठी नको. सारख्या जाडीची, सारख्या गोलाईची अक्षरं पानभर वाचताना डोळ्याला कुठे पकड मिळत नाही. बोल्डमध्ये संपूर्ण परिच्छेद लावणाऱ्यांना मी काही सांगत नाही, त्यांनी स्वतः तो एकदा सलग वाचून बघावा.

माझे "ल" आणि "श" हिंदीसारखे का येतात?

मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श. राज्य शासनाच्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच रूपं धरलेली आहेत. संगणकाच्या दृष्टीने मात्र हिंदी आणि मराठी "ल" चा संकेतांक एकच असतो, वेगळं असतं ते फक्त चित्र. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही चित्रं असतात तिथे कुठलं दाखवायचं हे भाषेवरून ठरतं. आपण भाषा सांगितलीच नाही तर फॉन्ट आपलं नेहमीचं रूप दाखवतो, आणि ते बहुधा हिंदी वळणाचं असतं.

म्हणून वेबपानाच्या कोडमध्ये भाषेचा दोन अक्षरी संकेत एम-आर असा द्या. पान मराठी आणि संकेत इंग्रजीचा, ही चूक मोठमोठ्या संकेतस्थळांवर दिसते. पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर निवडून त्याची भाषा मराठी करा. ते करूनही वळण बदललं नाही आणि काम पाठ्यपुस्तकाचं किंवा बालवाडीच्या तक्त्याचं असेल, तर मथळ्याच्या देखणेपणासाठी हटून बसू नका, मराठी रूपं देणारा दुसरा फॉन्ट घ्या. मूल जे अक्षर गिरवणार आहे तेच त्याला दिसलं पाहिजे.

"दुसऱ्या" मधला तो चंद्रकोरीसारखा "र" कसा आणायचा?

नेहमीचा "र" घेऊ नका, खाली टिंब असलेला "ऱ" टाइप करा, मग हलन्त, मग "य". रफार आणि हा अर्धा र यांत आपल्याकडे अर्थाचा फरक पडतो. "दर्या" म्हणजे समुद्र आणि "दऱ्या" डोंगरातल्या. "आचार्यांना जेवायला वाढा" आणि "आचाऱ्यांना जेवायला वाढा", ही दोन वेगळी माणसं आहेत. पत्रिकेत हे चुकलं तर लग्नघरात वर्षभर पुरणारा विनोद तयार होतो.

जाता जाता: "ॲ" साठी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरसंकेतांत, स्वतंत्र अक्षर आहे. "अ" वर चंद्र चिकटवून किंवा "ऍ" वापरून वेळ मारून नेऊ नका. ब्लॅक वजनात "ऍ" ची गर्दी फार वाईट दिसते.

वेबसाइटवर पॉपिन्स लावला की बटणातला शब्द मधोमध बसत नाही आणि ओळींत फार अंतर पडतं. फॉन्ट बिघडलाय का?

बिघडलेला नाही, देवनागरीची जागा राखून ठेवली आहे. पॉपिन्सचा चौरस, म्हणजे अक्षराचं माप ज्यावर मोजतात ती चौकट, १००० एककांचा. त्यात पायारेषेच्या वर १०५०, खाली ३५० आणि दोन ओळींमध्ये १०० एककं धरलेली आहेत. बेरीज १५००. म्हणजे तुम्ही काहीच सांगितलं नाही तर ओळीची उंची अक्षराच्या मापाच्या दीडपट होते. नुसत्या इंग्रजीसाठी हे ऐसपैस वाटतं, म्हणून परदेशी डिझायनर कुरकुरतात. पण "कीर्ती" या शब्दावरची वेलांटी आणि रफार, किंवा "र्कें" सारखा ढीग त्याच जागेत मावायचा असतो.

इंग्रजी मथळ्याला १.१ किंवा १.२ ओळउंची छान दिसते. तेच माप मराठी मथळ्याला लावलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन भिडतो. बोल्ड मराठी मथळ्याला मी १.३५ च्या खाली सहसा जात नाही. बटणात शब्द वर-खाली वाटत असेल तर पॅडिंग, म्हणजे शब्दाभोवतीची मोकळी जागा, वर-खाली वेगळं द्या आणि ते मराठी शब्द टाकून ठरवा, इंग्रजी टाकून नव्हे.

अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवलं तर?

नको. शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे दात पडतात.

"बोल्ड" चं बटण दाबलं की अक्षर सुजल्यासारखं दिसतं, ते का?

कारण ते खरं बोल्ड नाही. तुमच्याकडे फक्त रेग्युलरची फाइल आहे. सॉफ्टवेअर मग त्याच अक्षराला सगळ्या बाजूंनी काळं फासून जाड करतं, पोकळीकडे बघत नाही, सांधे खरवडत नाही. "म" ची गाठ बुजते, शिरोरेषा लाकडी फळीसारखी होते. फ्लेक्सच्या दुकानांत याचा चुलतभाऊ भेटतो, तो म्हणजे अक्षराला त्याच रंगाची आउटलाइन देऊन जाड करणे. दोन्हीवर उपाय एकच, बोल्डची स्वतंत्र फाइल बसवा. वेबवर वापरताना ज्या वजनाचा मथळा आहे ते वजन मागवलंय का, एवढं तपासा. गुगल फॉन्ट्सवर पॉपिन्सच्या प्रत्येक वजनाची फाइल वेगळी आहे. तेव्हा अठराच्या अठरा मागवून पान जड करू नका, दोन किंवा तीन पुरतात.

पडद्यावर "शिर्डी" नीट, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी भलतीकडे. काय करू?

देवनागरीत टाइप करण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम वेगळा असतो. "शि" लिहिताना आपण आधी "श" देतो आणि मग वेलांटी, पण ती दिसते आधी. ही अदलाबदल करणारी यंत्रणा जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नसते किंवा बंद असते. इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. फोटोशॉपच्या सेटिंग्जमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय शोधून चालू करा. कोरलड्रॉची जुनी आवृत्ती असेल तर एक तर नवी घ्या, नाही तर मजकूर दुसरीकडे जुळवून, कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा करून, आणा.

दुसरी शक्यता: मजकूर श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधून कॉपी केलेला आहे. त्या फॉन्टांमध्ये देवनागरी चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. त्यावर पॉपिन्स लावला की खरं रूप बाहेर येतं, म्हणजे अगम्य रोमन अक्षरांची रांग. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर अक्षर न् अक्षर वाचा. रफार आणि जोडाक्षरं तिथेच सांडतात.

रेडियम किंवा ॲक्रिलिक कापायला दिलं तर प्रत्येक अक्षरापाशी कट का पडतो?

हा माझा आवडता प्रश्न, कारण याचं उत्तर फॉन्टच्या पोटात आहे. शब्दातली शिरोरेषा सलग दिसते, पण प्रत्यक्षात ती प्रत्येक अक्षराची आपली-आपली असते. दोन अक्षरांच्या मध्ये केसाएवढी फट दिसू नये म्हणून या रेघा टोकाला जराशा एकमेकींवर चढवलेल्या असतात. कागदावर छापताना काळ्यावर काळं, त्यामुळे कळत नाही. पण प्लॉटरच्या, म्हणजे कापणाऱ्या यंत्राच्या, सुरीला बाह्यरेषा दिसते, आणि ती चढलेल्या जागी इमानेइतबारे कापत जाते. परिणाम असा की "मिसळ" च्या पाटीवर तीन तुकडे सुटे हातात येतात.

कर्व्ह केल्यावर सगळा शब्द निवडून वेल्ड करा, म्हणजे एकसंध करा, मग वायरफ्रेममध्ये, म्हणजे नुसत्या बाह्यरेषांच्या दृश्यात, बघा. शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड दिसली पाहिजे. कान्याला जोडलेली मात्रा, खालचा उकार, रफार हेही वेल्ड झाले ना, ते तपासा. अनुस्वार सुटाच राहणार, त्याची जागा आधी कागदावर छापून ठेवा. नाही तर बसवणारा अंदाजाने चिकटवतो आणि "मंदिर" चं टिंब "द" वर जातं.

उलट काम, म्हणजे पत्र्यातून अक्षर कोरून काढायचं असेल, तर "व", "ब", "ठ" यांची पोटं गळून पडतात. त्यांना बारीक पूल सोडावे लागतात. बोल्डमध्ये रेघ जाड असल्याने पूल लपून जातो, म्हणून असल्या कामाला जाड वजन बरं.

दुकानाच्या पाटीवर मराठी मोठी हवी म्हणतात. पॉपिन्स चालेल का?

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ चा, त्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. मराठी देवनागरीत, आधी, आणि तिच्या अक्षरांचा आकार इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नको. फॉन्ट कुठला हवा, याबद्दल काही बंधन नाही.

पॉपिन्सची यात आपसूक मदत होते. त्याच्या देवनागरी अक्षराची उंची रोमन "एल" किंवा "बी" च्या वर चढणाऱ्या दांडीएवढी ठेवलेली आहे आणि इंग्रजी कॅपिटल त्याहून थोडी बुटकी. त्यामुळे दोन्ही ओळी एकाच मापात टाकल्या तरी मराठी दबत नाही. पुष्कळ फॉन्टांत उलटं असतं. इंग्रजीच्या मापाला मराठी टाकली की ती आक्रसलेली दिसते आणि मग प्रत्येक ओळ हाताने वाढवत बसावं लागतं. पाटी दुरून वाचायची आहे, तेव्हा बोल्ड पुरे. ब्लॅक लावून शेजारच्या दुकानाशी भांडू नका.

मराठी तिरकं केलं तर चालतं का?

तिरक्या फाइली आहेत, तेव्हा चालवता येतं. पण देवनागरीत तिरक्या अक्षराने जोर देण्याची परंपरा नाही आणि कॅपिटलही नाहीत. आपल्याकडे जोर द्यायचा तो वजनाने, आकाराने किंवा रंगाने. म्हणून तर जाड वजनाला मराठीत इतकी मागणी.

पैसे द्यावे लागतात का?

नाही. एसआयएल ओपन फॉन्ट परवाना आहे. जाहिरात, पुस्तक, ॲप, टी-शर्ट, पाटी, कशावरही वापरा. फॉन्टची फाइल नुसती विकायला मात्र बंदी आहे, आणि त्यात बदल करून वाटलात तर तोही याच परवान्याखाली वाटावा लागतो. तेव्हा "पाचशे मराठी फॉन्टांचा संच" विकणाऱ्याकडून तो विकत घेण्यात अर्थ नाही.

जोडीला मजकुरासाठी कुठला घेऊ?

मथळा इतका गोल आणि ठाम असेल तर मजकुरात बोरूची आठवण असलेला फॉन्ट घ्या. टिरो देवनागरी मराठी मला या जोडीला फार आवडतो. नावाप्रमाणे तो मराठीसाठीच बेतलेला आहे, त्यामुळे ल-श ची कटकटही मिटते. साधं, स्वच्छ, कार्यालयीन काम असेल तर मुंबईच्या "एक टाइप" या संस्थेचा मुक्ता. त्यांचाच बलू हा फॉन्ट पॉपिन्सच्या शेजारी ठेवू नका. दोघेही गुबगुबीत, पण एक गंभीर आणि एक खोडकर, पानावर भांडण होतं.

आता सगळीकडे तोच दिसतो. कंटाळा नाही येत?

येतो. बँक, क्लास, दुधाची डेअरी, मॅट्रिमोनी, सगळ्यांचा चेहरा एकच झाला आहे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं हाताने रेखाटली तेव्हा प्रत्येक नाटकाला स्वतःचं वळण मिळालं. अक्षर बघूनच विनोदी की रहस्यमय ते कळायचं. तो हात फॉन्टमध्ये येत नाही. मुंबई लोकलच्या स्थानकांवरच्या ब्रशने रंगवलेल्या पाट्यांवरून यात्रा वन हा फॉन्ट निघाला. त्याची टोकं बघा, रंगाऱ्याच्या मनगटाचा झटका दिसतो. नाटक, हॉटेल, गावजत्रा असं रंगाढंगाचं काम असेल तर आधी तिकडे वळा. पॉपिन्स बोल्ड ठेवा जिथे दोन लिप्या शेजारी-शेजारी, एका आवाजात बोलायला हव्यात तिथे. बसचं वेळापत्रक, रुग्णालयातले दिशाफलक, ॲपमधली बटणं.

ग्राहकाला नमुना दाखवताना काय लिहून दाखवू?

"अबक" आणि "शुभेच्छा" तर कुठल्याही फॉन्टमध्ये बरे दिसतात. ग्राहकाचं स्वतःचं नाव, गावाचं नाव आणि पुढचे शब्द लिहा: दुसऱ्या, ॲम्ब्युलन्स, कल्लोळ, शिष्टमंडळ, उद्घाटन, ब्राह्मी, दीर्घ, रुपये, रूप, क्षेत्रज्ञ. सातशे आणि नऊशे, दोन्ही वजनांत. मग ज्या मापात छापायचं आहे त्याच मापात साध्या प्रिंटरवर काढा, कागद भिंतीला चिकटवा आणि तीन पावलं मागे जा. "उद्घाटन" मधला "घ" दिसेनासा झाला की एक पायरी खाली या.